होडी बांदली कित्याक नाय?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. बोटी खाडीत आत आणून ठेवलेल्या, जाळी पडवीत पसरलेली, आणि एरवी पहाटे पाण्यावर असणारी पुरुषमाणसं घरात. अशाच एका जुलैच्या रात्री मालवणच्या दक्षिणेला, देवबागच्या पट्टीतल्या एका घरी, पडवीत पांढरी चादर ताणून रशियन चित्रपट लावला होता. आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव या दिग्दर्शकाचा पहिलाच मोठा चित्रपट, २००३ सालचा. नावाचा अर्थ 'परतणं'. बारा वर्षांनी अचानक घरी आलेला बाप आणि त्याचे दोन मुलगे, एवढीच माणसं त्यात खऱ्या अर्थानं आहेत. बाप त्यांना घेऊन एका बेटावर जातो आणि तिथंच मरतो. घरातला कॉलेजात जाणारा नातू मधून मधून एखादं वाक्य मालवणीत सांगत होता, पण कौलांवर पाऊस असा की त्यातलं निम्मंच पोचत होतं. त्याचे आजोबा, सत्तरी ओलांडलेले नाखवा, भिंतीला टेकून बसले होते. नाखवांचा चाळिशीतला मुलगा उंबऱ्यावर बसला होता. बापाच्या शेजारची चटई रिकामीच होती. शेवटी बापाचं प्रेत असलेली होडी किनाऱ्यापासून सुटते, पाण्यात सरकत जाते आणि मुलांच्या डोळ्यांदेखत बुडते. धाकटा 'पापा, पापा' करत पाण्यात धावतो. पडवीत कोणी बोलेना. पावणेदोन तासांत एक शब्द न काढलेले नाखवा तेव्हा म्हणाले, "पोरांनी होडी बांदली कित्याक नाय?"

मग थोड्या वेळानं, कोणाकडेच न बघता, "बापाशीन शिकवल्यान नाय तेंका."

या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला आणि त्याच्यावर जगभर भरपूर लिहिलं गेलं. पलंगावर झोपलेला बाप पायांच्या बाजूनं असा टिपलाय की मान्तेन्या या इटालियन चित्रकाराच्या चित्रातला मृत ख्रिस्त आठवावा, हे सगळ्यांनी लिहिलं. हरवलेला बाप म्हणजे हरवलेला देश, हेही लिहिलं गेलं. त्यात चूक काही नाही. पण दोराबद्दल कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि एकदा कोणी विचारलं की सगळा चित्रपट त्या दोराच्या बाजूनं उलगडायला लागतो. प्रश्न नुसता गाठीचा नाही. या बापानं मुलांना नेमकं काय दिलं आणि काय स्वतःकडे ठेवलं, याचा तो हिशोब आहे.

बाप शिकवत नाही असं नाही. गाडी चिखलात रुतते तेव्हा चाकाखाली फांद्या कशा घालायच्या ते तो थोरल्याला, आंद्रेईला, करायला लावतो. ते नीट होत नाही म्हणून मारतोही. होडीच्या तळाला डांबर लावायला मुलांना सोबत घेतो. मोटर बंद पडल्यावर भर पावसात त्यांच्या हाती वल्ही देतो आणि स्वतः हुकूम सोडतो. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, उपयोगाची आहे, आणि प्रत्येकीच्या आधी किंवा नंतर एक अपमान जोडलेला आहे. ज्ञान आणि मार एकाच हातातून येतात, त्यामुळे मुलांना ते वेगळे करता येत नाहीत. बाप मनोऱ्यावरून पडून मेल्यावर आंद्रेई काय करतो ते बघा. तो रडत बसत नाही. फांद्या तोडून आणतो, त्यांच्यावर बापाला ठेवून ओढायचं ठरवतो, आणि धाकट्याला, इव्हानला, कामाला लावताना त्याच्या तोंडी सूर येतो तो थेट बापाचा. फांद्यांची युक्ती वारशात आली, तिच्याबरोबर हुकमाचा आवाजही आला. बापाचं राज्य बाप गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात थोरल्याच्या घशात जाऊन बसलं.

दोर मात्र वारशात आला नाही. बाप असेपर्यंत होडी लावणं हे बापाचं काम होतं, म्हणून ते कोणी शिकलंच नाही.

हे देवबागला पटकन कळतं, कारण तिथं होडी बांधणं हे काम वाटतं त्याहून अवघड आहे. कर्लीच्या खाडीत उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. ओहोटीला होडी लावली आणि दोर आखूड ठेवला, तर रात्री भरती आली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली ओढली जाते, मागची बाजू उचलते आणि एखादी लाट आत शिरली की संपलं. भरतीला लावून दोर आखूड ठेवला तर पाणी गेल्यावर होडी वाळूवर कलंडते, आणि पुढच्या भरतीला उठायच्या आत भरते. दोर फार लांब सोडला तर ती वाऱ्यावर फिरत राहते आणि शेजारच्या होडीवर जाऊन घासते. म्हणून बांधणाऱ्याला आजची तिथी माहीत लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. जागेनुसार मागंपुढं होतं, पण हिशोब चालतो. चतुर्थी ते अष्टमी पाण्याचा जोर उतरत जातो, भांग येतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी होतो. पौर्णिमा-अमावास्येकडे पुन्हा उधाण. हे सगळं डोक्यात ठेवून हात खुंट्याला दोन वेढे आणि वर एक गाठ मारतो. बघणाऱ्याला फक्त गाठ दिसते. तिच्या मागचा हिशोब बापानं बोलून दाखवला नाही, तर मुलगा वर्षानुवर्षं शेजारी उभा राहूनही शिकत नाही.

आणि बाप तो बोलून दाखवतोच असं नाही. तिथीचा हिशोब सगळ्या गावाचा, तो लपवण्यात अर्थ नाही. पण खुणा घरच्या असतात. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली खडक जागोजागी आहेत. त्यांच्याजवळ मासा असतो आणि त्यांच्यातच जाळं फाटतं. देवळाचा कळस डोंगरातल्या अमक्या खिंडीच्या रेषेत आला आणि दुसऱ्या बाजूनं तमका माड घराच्या कोन्यावर आला, की त्या दोन रेषा जिथं छेदतात तिथं खडक. आता जीपीएसवर आकडे असतात, तेही बापाच्याच मोबाइलमध्ये. जुने नाखवा वाऱ्याला तोंड करून उभे राहायचे, दोन्हीकडे एकेकदा बघायचे आणि जाळं सोडायची खूण करायचे. वल्ही मारणाऱ्या मुलाची पाठ त्या वेळी किनाऱ्याकडे की समुद्राकडे, हे कोणाच्या ध्यानात यायचं नाही. मुलगा पंचविशीचा झाला तरी त्याला नुसती वल्ही यायची, जागा यायची नाही. जागा सांगितली की तांडेलपण, होडीवरचं प्रमुखपण, गेलं. बापाला मुलाचा द्वेष होता म्हणून हे घडायचं असं मला वाटत नाही. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं, आणि दिल्यावर आपण कोण उरणार या भीतीपोटी तो ते शेवटच्या दिवसापर्यंत मुठीत ठेवायचा.

रापणीतही हेच, फक्त उघड्यावर. एक दोर किनाऱ्यावर धरून होडी जाळं सोडत अर्धवर्तुळात फिरते, दुसरा दोर पुढं शंभर-दोनशे पावलांवर किनाऱ्याला आणते, मग दोन्ही बाजूंना माणसं लागतात आणि तास-दोन तास ओढत हळूहळू जवळ येत जातात. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात: माणसाचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. मुलगा दोराला बापापेक्षा जोरात ओढत असेल, पण त्याच्या वाट्याची मासळी बापाच्या टोपलीत पडते. लग्न झाल्यावरही पडते. कोणी भांडत नाही. फक्त ज्या दिवशी मुलगा दुसऱ्या बाजूच्या दोराला जाऊन उभा राहतो, त्या दिवशी सगळ्या किनाऱ्याला कळतं.

चित्रपटात सत्ता अशीच दिसायला हवी, वस्तूंत आणि जागांत. झ्व्यागिन्त्सेवचा बाप पहिल्या जेवणाला कोंबडी हातानं तोडून एकेकाला वाटतो, आणि त्या टेबलावर आई आणि आजी गप्प बसलेल्या असतात. एवढ्यात घर कोणाचं झालं ते कळलं. पुढं तो आपलं घड्याळ थोरल्याला देतो. वाटतं माया केली, पण घड्याळाबरोबर परत यायची वेळ येते, आणि ती चुकते तेव्हाच सगळं फुटतं. इव्हान त्याचा चाकू चोरून जवळ ठेवतो. बेटावर बाप एका पडक्या घरात जमीन खणून पेटी काढतो आणि होडीत लपवतो. ती पेटी आपल्याला कधीच उघडून दाखवत नाहीत. मुलांना तर ती आहे हेही माहीत नसतं. होडीबरोबर तीही तळाला जाते. पुष्कळ प्रेक्षक चिडतात की पेटीत काय होतं ते सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं असतं तर आपण बापाच्या बाजूला जाऊन बसलो असतो. न सांगितल्यामुळे आपण त्या पोरांच्या जागी राहतो, आणि मुलगा असणं म्हणजे काय ते तिथूनच समजतं.

कोकणातल्या घरांत अशी पेटी असतेच. पत्र्याची, माजघरातल्या फळीवर, किल्ली बापाच्या करगोट्याला किंवा जानव्याला. आत सातबाऱ्याचे उतारे, ज्यांच्यावर पणजोबांपासूनची नावं अजून तशीच, आंब्याची कलमं कोणाला किती वर्षांच्या करारानं दिली त्याचे कागद, पोस्टातली पुस्तकं. मुंबईतला मुलगा पन्नाशीला येतो, त्याला घराची कौलं बदलायला पैसे द्यावे लागतात, आणि तरी आंब्याचे पैसे किती आले हे विचारायची चोरी. बाप गेल्यावर बाराव्याच्या आधीच पेटी उघडली जाते आणि भाऊ पहिल्यांदा शेजारी शेजारी बसून बापाचं अक्षर वाचतात. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जाताना त्यांना आपल्या जमिनीच्या चतुःसीमा कागदावरून शोधाव्या लागतात, कारण हद्दीचा दगडी गडगा कुठून कुठं जातो हे दाखवत कोणी कधी फिरवलेलं नसतं.

आईची सत्ता वेगळी आणि ती टिपणं जास्त कठीण. बापाकडे काही मागायचं तर ते आईच्या मार्फत जातं आणि उत्तरही तिच्याच तोंडून येतं. त्या जाण्यायेण्यात ती काय गाळते आणि काय घालते, ते तिचं तिला ठाऊक. सुरमईचा मधला तुकडा कोणाच्या ताटात जातो हे ठरवणारी पळी तिच्या हातात असते. गणपती करून परत निघालेल्या मुलाच्या पिशवीत ती कुळथाचं पीठ भरते, सोलं, फणसपोळी, खोबरेल तेलाची बाटली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. पिशवी स्टेशनपर्यंत हाताला काचते. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'मध्ये, १९५६ सालच्या, हे वजन पिशवीशिवाय आलंय. कलकत्त्याला शिकणारा अपू सुट्टीत घरी येतो. रात्री आई सर्वजया त्याला विचारते की मी आजारी पडले तर येशील का, आणि त्याला झोप लागलेली असते. सकाळी स्टेशनवर जाऊन तो परत येतो, गाडी चुकली म्हणतो. खरं तर त्यानं ती जाऊ दिली. एक दिवस आईला मिळाला, आणि आईनं मागितला नव्हता तरी तिनंच तो घेतला. बापाची सत्ता हुकमात असते तेव्हा मुलाला पळून जाता येतं, मनोऱ्यावर चढता येतं. आईच्या या न मागण्यापुढं मुलाला पळायला जागाच नसते. यालाही व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला होता, १९५७ मध्ये.

'अपराजितो'च्या छायाचित्रकारानं, सुब्रत मित्र यांनी, काशीच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केल्यावर वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्याच्यावर आपटून खाली आणला, म्हणजे आकाशातून येतो तसा सावली न पाडणारा उजेड मिळावा. कोकणातलं घर टिपायला निघालेल्यानं ही युक्ती पहिल्यांदा शिकावी. जांभ्याच्या भिंती उजेड पितात. ओटीवर दुपारी लख्ख उजेड आणि दोन पावलं आत माजघरात काळोख. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम दिसत नाहीत. ओटीला धरून उजेडाचं माप लावलं तर आतली आई नाहीशी होते, आतलं धरलं तर बाहेर झोपाळ्यावर बसलेला बाप पांढऱ्या धुक्यात जातो. घाईनं शूटिंग करणारे आत मोठा दिवा लावतात. सगळं स्पष्ट दिसतं आणि घर मरतं, कारण त्या घरात कोण उजेडात बसतं आणि कोण काळोखातून ऐकतं, हीच तर सत्तेची आखणी होती. दारावर मलमलीचा पडदा ताणून बाहेरचा उजेड थोडा मारावा, आत कापडावरून आपटलेला थोडा द्यावा, आणि आई अर्धी काळोखात राहील एवढंच करावं.

उंचीचंही तसंच. खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, ओटीवर यायला दोन-तीन पायऱ्या. झोपाळ्यावर बसलेला बाप आणि खळ्यात उभा मुलगा यांचे डोळे साधारण एका रेषेत येतात, आणि दिग्दर्शकाला वाटतं वा, सोयीचं झालं. पण तिथं मुलगा उभा आहे आणि बाप बसलाय, हेच सांगायचं असतं. कॅमेरा ओटीच्या कडेच्या उंचीवर ठेवला की मुलाची छाती आणि बापाचे पाय एका चौकटीत येतात, झोपाळ्याची कडी करकरते आणि बापाला बोलावंच लागत नाही. सगळ्यात मोठी चूक होते ती आवाजात. बापानं आवाज चढवला की त्याची सत्ता पडद्यावर त्याच क्षणी कमी होते. ती असते उत्तर द्यायला लावलेल्या वेळात. पावसाळ्यात कौलांचा आवाज एवढा की संवाद नंतर स्टुडिओत भरावे लागतात, आणि तिथं नट ओठांना ओठ जुळवण्याच्या नादात ते थांबणं खाऊन टाकतात. चार सेकंदांचं थांबणं दोनचं झालं की तोच बाप साधा चिडका म्हातारा होतो.

आपल्या किनाऱ्यावर हे फार सांभाळून केलेला चित्रपट म्हणजे अविनाश अरुणचा 'किल्ला'. दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही त्याचंच. बाप गेलेला, आईची कोकणात बदली झालेली, आणि अकरा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत. तिथं आईच्या हातात सत्ता अशी काही नाहीच. कार्यालय तिला हलवतं आणि ती मुलाला हलवते. म्हणून तिच्या प्रत्येक सांगण्यात थोडी माफी मिसळलेली आहे, आणि मुलगा ती माफी ओळखून तिच्यावरच राग काढतो. मित्र त्याला पावसात किल्ल्यावर टाकून जातात तेव्हा तो रागवतो खरा, पण आईवरचा राग त्याहून जुना. नंतर तो एका कोळ्याबरोबर होडीतून समुद्रावर जातो. बाप नसलेल्या मुलाला पाण्यावर कोणीतरी घेऊन जातं, काही शिकवत नाही, हुकूमही करत नाही. दोन होड्या शेजारी ठेवून बघितल्या तर रशियातल्या त्या पोरांसाठी जीव आणखीच तुटतो. त्यांच्या वाट्याला असा परका माणूस आलाच नाही. आला तो बाप होता.

नाखवांच्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री कोणी दिलं नाही. नातवानं चादर काढली, घडी घातली. उंबऱ्यावरचा मुलगा उठून गेला.

नारळी पौर्णिमा झाली आणि छोट्या होड्याही पुन्हा रोज बाहेर पडायला लागल्या. पौर्णिमेनंतरचे दिवस म्हणजे अजून उधाणच. संध्याकाळी ओहोटी लागलेली असताना नाखवांची होडी खाडीच्या बाजूला आली. मुलानं उतरून दोर घेतला, खुंट्याला वेढे दिले, गाठ मारली आणि टोपल्या उतरवायला लागला. नाखवा काठावर उभे होते. लुंगी सावरत ते खुंट्यापाशी आले, गाठीला हात लावून बघितला, सोडली, दोर आपल्याकडे ओढून घेतला आणि पुन्हा बांधली, आखूड. मुलगा टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्या शेजारून गेला. काही बोलला नाही. म्हाताऱ्याच्या बोटांना आता कंप आहे, एका डोळ्याला मोतीबिंदू, पण गाठ अजून पक्की बसते.

ते घराकडे गेले. माडांमधून त्यांचा पांढरा सदरा दिसेनासा होईपर्यंत मुलगा जाळं झटकत राहिला, झटकलेलंच पुन्हा झटकत. मग खाली येऊन त्यानं बापाची गाठ सोडली, दोन वाव दोर ढिला दिला, आणि बापाच्याच पद्धतीनं, दोन वेढे आणि वर एक गाठ, पुन्हा बांधली.